अक्षता हवेत थांबवायच्या तर

लग्नाच्या व्हिडिओत शेवटचं ‘सावधान’ झालं की मांडवभर अक्षता उडतात आणि एडिटिंग करणारा बहुधा तिथंच चित्र थांबवतो. जागा त्यानं बरोबर हेरलेली असते. पण पडद्यावर काय दिसतं? अक्षतांच्या जागी पांढरट रेघोट्या, नवरीच्या गालावर चौकोनी ठिपके, फिरत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते, आणि चित्र पुन्हा सुरू होताना जाणवणारा झटका. यातल्या प्रत्येक दोषाचं कारण वेगळं आहे. कॅमेरे बदलत गेले तशी ही कारणंही बदलत गेली. उपाय मात्र सगळीकडे एकच सांगितला जातो, ‘फ्रीज’चं बटण दाबा. ते बटण शेवटचं काम करतं. स्वच्छ थांबा त्याच्या आधीच, चित्रण करताना आणि फ्रेम निवडताना ठरून गेलेला असतो.

कुंभारीत या विषयाला वजन आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावाच्या शिवारात कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून ती झाली आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. त्यानंतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी इथल्याच रे नगर या वसाहतीतल्या ३० हजारांपैकी १५ हजार घरांचं लोकार्पण केलं. या दोन गृहप्रवेशांच्या मधल्या काळात घरगुती चित्रणाची सगळी साधनं पालटली. पहिल्या वेळी कुणी दूध उतू घालतानाचं चित्रण केलं असेल तर ते बहुधा टेपवर, दुसऱ्या वेळी मोबाइलवर. लग्नाची कॅसेट, नंतरच्या बहिणीच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, बारशाचं मेमरी कार्ड आणि परवाच्या वाढदिवसाची व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली क्लिप, हे सगळं एकाच घरात एका पिशवीत सापडू शकतं.

ज्या घरात आजीचा वेगळा फोटो कधी काढलाच गेला नाही, त्या घरात ती कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये चार-पाच सेकंद दिसते. कॅमेरा पंगतीवरून फिरतो, ती मान वर करते, हसते, पुढची पंगत येते. ‘दादा, इथं आईला जरा थांबवा की,’ असं सांगणारी बाई एडिटरकडे इफेक्ट मागत नसते. म्हणून हे काम नीट व्हायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

सिनेमात चित्र थांबवणं ही जुनी कला आहे. फिल्मच्या काळात ऑप्टिकल प्रिंटरवर एकच फ्रेम पुन्हा पुन्हा छापून थांबा तयार करत. फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’च्या (१९५९) शेवटी समुद्राकाठी आलेल्या मुलाचा चेहरा असाच थांबतो. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’च्या (१९६४) शेवटी एकमेकांकडे जाणारे पती-पत्नीचे हात थांबतात आणि त्यामागून आणखी काही स्थिर चित्रं येतात. फिल्मचा एक फायदा होता. तिची प्रत्येक फ्रेम हे एक सबंध छायाचित्र असे. घरगुती व्हिडिओला हे भाग्य बरीच वर्षं मिळालं नाही, आणि जुन्या कॅसेटच्या सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात.

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत यायची. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दिसणाऱ्या ५७६ ओळींपैकी एका फील्डच्या वाट्याला २८८ येतात, आणि दोन फील्डमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. ते क्षुल्लक वाटतं, पण सेकंदाला तीन मीटर वेगानं फिरणारा हात तेवढ्यात सहा सेंटिमीटर सरकतो. चित्र चालू असताना डोळा हे सांभाळून घेतो. थांबवलं की एकाच फ्रेममध्ये हाताच्या दोन जागा एकाआड एक ओळींत दिसतात, तेच ते कंगव्याचे दाते. जुन्या काचेच्या टीव्हीवर असा थांबवलेला हात दोन जागांमध्ये थरथरत राहायचा.

तेव्हाच्या मिक्सिंगवाल्यांना हे माहीत होतं. त्यांच्या मिक्सरवर ‘स्टिल’ आणि ‘स्ट्रोब’ची बटणं असत आणि चित्र एका फील्डवर थांबवायची सोय चांगल्या यंत्रांत असे. आज तीच कॅसेट संगणकावर आल्यावरही तत्त्व बदलत नाही. हालचालीची फ्रेम थांबवायची तर दोनांतलं एक फील्ड घ्यायचं आणि मधल्या ओळी भरून काढायच्या. ही भरणी कशी होते यावर निकाल अवलंबून. साध्या सॉफ्टवेअरमधलं ‘डीइंटरलेस’ ओळी नुसत्या ताणतं, त्यामुळे साडीच्या काठाला पायऱ्या पडतात. क्यूटीजीएमसीसारखी जास्त मेहनतीची पद्धत मागच्या-पुढच्या फील्डमधून माहिती गोळा करते आणि २५ अर्धवट फ्रेमऐवजी सेकंदाला ५० सबंध फ्रेम देते. थांबा निवडणाऱ्याला याचा दुहेरी लाभ होतो. दाते जातातच, शिवाय निवडीला दुप्पट क्षण मिळतात. आजी पापणी मिटायच्या बेतात असेल तर हा फरक मोलाचा ठरतो. कॅसेटवरून आलेल्या चित्रणावर आधी ही प्रक्रिया करावी, मगच थांबे शोधावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरवून घेतानाच एक चूक अनेकदा होते. व्हीसीआर पॉजवर टाकायचा आणि पडद्यावरचं स्थिर चित्र पकडायचं. व्हीएचएसमध्ये चित्र टेपवर तिरप्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं आणि ते वाचणारा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. पट्टीचा तिरपेपणा टेप पुढे सरकत असताना जुळतो. टेप थांबली की हेडची वाट पट्टीवरून घसरते आणि चित्रात बर्फ पडल्यासारखा पांढरा पट्टा येतो. चार हेडच्या यंत्रात तो कमी दिसतो, इतकंच. ड्रम एकाच जागी घासत राहिल्यानं टेपही झिजते, म्हणून यंत्र काही मिनिटांनी स्वतःच पॉज सोडून देतं. तेव्हा टेप सरळ चालू द्यावी, सबंध उतरवून घ्यावी, उतरवताना डीइंटरलेस करू नये, आणि थांबा नंतर संगणकावर घ्यावा. बुरशी धरलेली कॅसेट असेल तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, नाहीतर हेड खराब होईल आणि त्यानंतरच्या कॅसेटलाही बुरशी लागेल.

मिनीडीव्हीची टेप असलेलं घर भाग्यवान. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबून ठेवलेली असते, म्हणून कुठलीही फ्रेम थांबवली तरी दर्जा साधारण सारखाच. फील्डचा प्रश्न तिथंही आहे, आणि डीव्हीत खालच्या ओळींचं फील्ड आधी येतं तर पुढच्या एचडी कॅमेऱ्यांत वरच्या ओळींचं. सॉफ्टवेअरला हा क्रम उलटा सांगितला गेला तर हालचाल पुढे-मागे हिसके देते आणि दोष टेपला दिला जातो.

सगळ्यात वाईट अवस्था व्हीसीडीची. लग्नं सर्रास व्हीसीडीवर दिली जायची त्या काळात चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असे आणि तेही कडक दाबलेलं. एकूण लाखभर ठिपके. दाते नसतात, पण चेहऱ्यात डोळे आणि नाक यांना मिळून मोजके ठिपके मिळतात. व्हीसीडी हाती आली तर पहिला प्रश्न विचारावा, मूळ कॅसेट कुठं आहे? माळ्यावर, माहेरी, जुन्या स्टुडिओत, कुठंही असली तरी शोधण्यात घालवलेला वेळ सॉफ्टवेअरपुढे घालवलेल्या वेळापेक्षा जास्त फळ देतो.

मोबाइल आल्यावर फील्ड गेली. चित्र सबंध आलं. फोरकेमध्ये एका फ्रेमचे ८० लाखांहून जास्त ठिपके, म्हणजे फोटोच. मग इथं अडतं कुठं? दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण शटर. मांडवात, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली मोबाइल प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा त्याहून मोठ्या भागाइतका वेळ उघडा राहतो. सेकंदाला चार मीटर वेगानं आलेली अक्षता तेवढ्यात आठ सेंटिमीटर जाते, म्हणून ती आठ सेंटिमीटरची रेघ होते. हेच लग्न दुपारच्या सोलापुरी उन्हात उघड्यावर लागलं तर मोबाइल शटर आपोआप हजाराव्या भागापर्यंत आणतो आणि अक्षता चार मिलिमीटर सरकते. तांदळाचा दाणा तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो, त्यावरची हळदही दिसते. ज्यांना अक्षता हवेत थांबलेल्या हव्याच आहेत, त्यांनी एवढी एकच गोष्ट पाळावी. उजेड वाढवावा आणि ज्या मोबाइलमध्ये सोय आहे त्यात शटर दोनशेव्या-पाचशेव्या भागावर ठेवावं. मात्र इथं विजेचा अडथळा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. दिव्याखाली पन्नासावा किंवा शंभरावा भाग सोडून दुसरं शटर ठेवलं तर हलक्या एलईडी माळांखाली चित्रात काळपट पट्टे येतात, आणि चालू चित्रात सरकून जाणारा पट्टा थांबलेल्या चित्रात नेमका कुणाच्या तरी तोंडावर बसतो. म्हणजे वेगवान शटर उन्हात, आणि मांडवात पन्नास किंवा शंभर. मांडवातल्या रेघोट्या मग पत्कराव्या.

दुसरं ठिकाण दाबणीचं. मोबाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. अधूनमधून एक पूर्ण लिहितो आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतो. मांडवाचा पडदा, भटजी, पाट यांत बदल नसतो, म्हणून जागा वाचते. अक्षता पडू लागल्या की चित्राच्या कानाकोपऱ्यात एकदम हजारो नव्या गोष्टी येतात, ज्यांचा आधीच्या फ्रेममध्ये पत्ताच नसतो. ठरलेल्या जागेत सगळं बसवायचं म्हणून यंत्र बारकावे सोडून देतं आणि गालावर चौकोन उमटतात. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ज्यांनी मोबाइलवर टिपलाय त्यांनी हे पाहिलं असेल. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि कुंभारकन्येच्या ग्रामदैवताच्या योगदंडाशी झालेल्या विवाहाच्या स्मरणार्थ हजारो हातांनी एकाच वेळी टाकलेल्या अक्षता. चित्रण चालू असताना अंगावर काटा येतो, थांबवलं की गोधडी दिसते. ही क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर आणखी एकदा दाबली गेलेली असते. ज्यानं चित्रण केलं त्याच्याकडून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी, तशी पाठवली की मूळ फाइल येते.

उपलब्ध चित्रणातच काम भागवायचं असेल तर शेजारच्या आठ-दहा फ्रेम बाणाच्या कळीनं एकेक करून पाहाव्यात. पूर्ण लिहिलेली फ्रेम लागोपाठच्या फ्रेममध्ये उठून दिसते. कडा आवळल्यासारख्या होतात, गजऱ्यातली फुलं मोजता येतात. तिथं थांबावं. फोटोग्राफरच्या फ्लॅशची फ्रेम मात्र कटाक्षानं टाळावी. मोबाइलचा सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे अर्धी फ्रेम पांढरीफटक आणि अर्धी नेहमीची असा प्रकार होतो.

आता फ्रेमच्या निवडीबद्दल थोडं विस्तारानं, कारण तंत्र कितीही साधलं तरी चुकीचा क्षण थांबवला तर सगळं वाया. अक्षता अंगावर येतात तेव्हा माणूस डोळे मिटतो. नवरा, नवरी, अंतरपाट धरणारे, मागे उभा मामा, सगळेच. पापणी मिटून उघडायला सेकंदाचे एक-दोन दशांश, कधी जास्तही लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबानं तीन ते सात-आठ फ्रेम डोळे बंद. अक्षतांच्या पावसात एकामागून एक पापण्या मिटत राहतात, म्हणून सगळ्यांचे डोळे उघडे असलेली फ्रेम तिथं मिळणं जवळपास अशक्य. माझा सल्ला असा की थांबा सेकंदभर पुढे न्यावा. अक्षता केसांत, मुंडावळ्यांत अडकलेल्या असतात, हवेत थोड्याच उरलेल्या असतात, नवरीनं नुकतीच मान वर केलेली असते. चित्र स्वच्छ मिळतं आणि चेहराही मिळतो. अक्षता हवेतच हव्या असतील तर फेकीच्या टोकाची फ्रेम घ्यावी. झोका वर जाऊन परतताना क्षणभर थबकतो तशी प्रत्येक हालचाल उलटताना थबकते. हलगीवाल्याची काडी वर गेलेली, नंदीध्वज पेलणाऱ्याचा पाय उचललेला, मूठ उघडून दाणे सर्वात उंच गेलेले, या जागी धूसरपणा कमीत कमी असतो.

धूसरपणा सगळीकडे दोषच असतो असंही नाही. घरकुलातल्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचं चित्रण थांबवून पाहा. तेंदूपानात तंबाखू भरून ते वळणारी बोटं इतकी चपळ असतात की ती पुसटच येणार. तिचा चेहरा खाली झुकलेला आणि स्थिर, डोळे पानावर, आणि बोटांच्या जागी एक हलकी झुळूक. ही फ्रेम मला पूर्ण स्वच्छ फ्रेमपेक्षा खरी वाटते. बोटं रेखीव दिसली तर ती फोटोसाठी थांबली होती असं वाटेल. नियम करायचाच तर चेहऱ्यापुरता करावा. डोळे स्वच्छ हवेत, बाकी हालू द्यावं.

थांबा लावण्याची क्रिया त्यामानानं सोपी आहे. एडियस, प्रीमियर, रिझॉल्व्ह, मोबाइलवरचे व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर, सगळ्यांत सोय आहे. त्यात दोन खाचखळगे ठाऊक हवेत. फ्रेम बाहेर फोटो म्हणून काढून परत आत आणली की रंगात किंचित फरक पडू शकतो, आणि पाल टेपच्या ७२० गुणिले ५७६ च्या चित्राचे ठिपके चौरस नसल्यामुळे चेहरा किंचित अरुंद होतो. थांबताना ‘धप्प’ जाणवतं ते यामुळे. म्हणून सॉफ्टवेअरच्या आतलाच थांबा वापरावा. दुसरा खाचखळगा मोबाइलच्या फ्रेमगतीचा. अनेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपतात, त्याही कमी-जास्त वेगानं. ते चित्रण २५ च्या टाइमलाइनवर टाकलं आणि सॉफ्टवेअरनं दोन फ्रेम मिसळल्या तर थांबलेल्या चित्रात एका माणसाची दोन भुतं दिसतात. फ्रेम ब्लेंडिंग बंद करावं, किंवा हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं आधी गती एकसारखी करून घ्यावी. थांबलेली फ्रेम आणि त्यापुढे सुरू होणारं चित्र यांत एकही फ्रेम गळता कामा नये. गळली की झटका बसतो.

थांबलेल्या चित्रावर काही सेकंदांनी ‘मळ’ दिसू लागतो. अंधारातल्या चित्रणात प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळे कण असतात, चालू असताना ते एकमेकांना झाकतात, थांबवलं की एकाच फ्रेमचे कण चेहऱ्यावर गोठतात. म्हणून आधी नॉइज कमी करावा, नंतर थांबवावं. उलट क्रमानं केलं तर शेजारच्या फ्रेमची मदत मिळत नाही. किती वेळ थांबावं? नाव लिहायचं असेल तर ते दोनदा सावकाश वाचून होईल इतकं, नाव नसेल तर दोन-अडीच सेकंद. एका लग्नात चार-पाच थांबे पुरेत. दर नातेवाइकावर थांबलं की कुणावरच थांबल्यासारखं वाटत नाही.

आवाजाकडे फार कमी लोक लक्ष देतात. चित्र थांबलं की आवाज पुढे जाऊ द्यायचा की तोडायचा? मंगलाष्टक मधेच तोडणं कानाला सहन होत नाही. दोन कडव्यांच्या मधली श्वासाची जागा शोधावी, मांडवातला नुसता गलबला किंवा सनईचा सूर थोडा लांबवून थांब्याखाली घालावा. पूर्ण शांतता फार जड असते. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी आवाज काढून घेतला, तेव्हा थिएटरमधली माणसं जागची हलली नाहीत. घरच्या व्हिडिओत तशी शांतता गेलेल्या माणसासाठी राखून ठेवावी. हयात माणसाच्या हसऱ्या चेहऱ्यावर आवाज बंद झाला तर घरातल्या बायांच्या काळजात धस्स होतं, आणि ते होऊ देणं बरोबर नाही.

हल्ली चेहरा ‘सुधारून’ देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. कॅसेटमधल्या आजीचा पुसट चेहरा त्यांत टाकला की लख्ख डोळे, रेखीव भुवया, गुळगुळीत कातडी येते. हे डोळे टेपवर कधीच नव्हते. लाखो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेल्या यंत्रानं ते अंदाजानं बसवलेले असतात. लग्नातल्या गर्दीला, मागच्या पडद्याला हे चालेल. जिचा हा एकमेव फोटो आहे तिच्यावर हा प्रयोग करू नये, आणि कुणी केलाच तर मूळ फ्रेम त्याच फोल्डरमध्ये नावानिशी ठेवावी. पुसट चेहरा घरच्यांना ओळखू येतो, कारण कपाळाची रुंदी, हनुवटी आणि मान वळवायची लकब त्यात असते.

छपाईचा हिशेब साधा आहे. पाल टेपची एक फ्रेम सरळ करून ७६८ गुणिले ५७६ ठिपक्यांची होते. इंचाला १५० ठिपके धरले तर साधारण पाच इंच रुंद आणि पावणेचार इंच उंच, म्हणजे पोस्टकार्डाच्या आसपास. फ्रेम एका फील्डवरून उभी केली असेल तर खरे बारकावे त्याहून कमी. चेहरा कापून मोठा केला तर आणखी कमी. भिंतीवर लावायला दोन फुटांचा फोटो मागणाऱ्याला हे आधीच सांगावं, आणि छोटाच फोटो रुंद पांढऱ्या कार्डावर मधोमध बसवून फ्रेम करून द्यावा. मॅट कागद घ्यावा, चकचकीत कागदावर टेपचे कण जास्त दिसतात.